अंगठा तुटला म्हणून

बस किल्ल्याकडे गेली. मी नाही गेले.
मुहर्रकच्या मासळीबाजारामागे
उजव्या चपलेचा अंगठा तुटला,
आणि टूर मॅनेजरच्या कागदावर
चपलेसाठी वेळ काढलेला नव्हता.
"तुम्ही जाऊन या," म्हटलं.
एकोणतीस जणांनी खिडकीतून हात हलवले,
जणू मी आजारीच.

एक पाय घासत निघाले.
भिंती पांढऱ्या, दारं लावलेली,
वर एसीच्या पेट्यांची घरघर
आणि प्रत्येक पेटीखाली
रुपयाएवढा एक ओला डाग.
कुठल्यातरी घरात कुकरची शिट्टी. तीन मोजल्या.
चौथी झाली, तेव्हा म्हटलं, हरभरे असतील.
गच्चीवर एकाच मापाचे सात निळे गणवेश
उलटे वाळत घातलेले, पाय आभाळाकडे.
सायकलवरून पाण्याचे बुधले नेणाऱ्या पोराने
माझ्या पायाकडे पाहिलं
आणि मी काही विचारायच्या आत
हनुवटीनेच दाखवलं : तिकडे.

दुकान म्हणजे जिन्याखालची जागा.
आत शेर जमीन. गाव स्वातच्याही वर कुठेतरी.
तिथे बर्फ पडतं, म्हणाला, आणि हसला,
लहानपणीच्या वेडेपणाला हसावं तसं.
चप्पल उलटी केली, वाकवली, वास घेतला.
"कील नहीं है?"
नाही, वादीनेच शिवतात आमच्याकडे.
"किसने बनाया?"

मला सांगता येईना.
महाद्वार रोडला घासाघीस करून
ऐंशी रुपये कमी केले होते, ते आठवलं.
माणूस नाही आठवला.

बाकावर आधीच एक बाई,
मांडीवर पिशवी, पिशवीत नातवाचे शाळेचे बूट.
उम्म खलील. सरकून जागा दिली.
तिच्याकडून एक वास आला आणि मी चमकले.
सब्जा!
ती म्हणाली, मशमूम.
मी म्हटलं, सब्जा.
मशमूम, तिने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने,
आणि आम्ही दोघी आपापल्या शब्दावर ठाम बसलो.
जिन्याच्या पायथ्याशी तेलाच्या पत्र्याच्या डब्यात
होतं ते झाड,
आणि एसीचा थेंब नेमका त्याच्या बुंध्याशी.
कुणीतरी अंदाज घेत घेत
डबा सरकवला असणार, बोटबोटभर.

तिने डहाळी खुडली
आणि सरळ माझ्या अंबाड्यात खोचली.
हे गेल्यापासून
मी केसांत काही माळलं नव्हतं.
नको म्हणायला हात वर गेला
आणि तिथेच राहिला,
पानांवर.

शेर जमीनकडे वादी नव्हती.
कोळ्यांचा जाळी विणायचा निळा दोरा होता.
त्याचाच टाका घातला, दातांनी तोडला.
तीनशे फिल्स.
माझ्याकडे वीस दिनारची नोट.
त्याने ती हातातसुद्धा घेतली नाही.
"कल दे देना."
कल, म्हटलं मी.
पहाटे चारचं विमान होतं.

संध्याकाळी सगळ्यांनी मला फोनवर किल्ला दाखवला,
तोच बुरूज, वेगवेगळी माणसं त्याच्यापुढे.
हॉटेलातून नोट मोडून घेतली,
टॅक्सी केली, गल्ली सापडली.
शटर खाली.
काळोखात थेंब चालूच होता.
नाणी डब्यात ठेवावीत असं एकदा वाटलं.
झाडाला काय करायचेत पैसे.

ती तिन्ही मिरजेला आहेत, बटणांच्या डब्यात.
बटण शोधताना हाताला लागतात, थंड.
निळा टाका थोडा टोचतो, अंगठ्यापाशी.
स्टेशनसमोर शिवाप्पा बसतो चपला शिवायला.
या खेपेला मी नाव विचारून घेतलं.
तो म्हणाला, काढून टाकू का हा दोरा?
वादी घालून देतो, पक्की.

म्हटलं, उद्या.